प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो तेव्हा

घरातला प्रिंटर कॉम्प्युटरशी जोडला जात नसेल, तर पहिली तपासणी कॉम्प्युटरला हात न लावता करावी. प्रिंटरवर स्कॅनरची काच असेल तर तिच्यावर कुठलाही छापील कागद ठेवून त्याची झेरॉक्स काढून पाहा. नुसता छपाईचाच प्रिंटर असेल तर त्याचं एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की तो स्वतःची माहिती छापलेलं पान बाहेर टाकतो. कोणतं बटण, हे मॉडेलनुसार बदलतं, पण ही सोय जवळपास प्रत्येक प्रिंटरमध्ये असते. पान नीट आलं, तर कागद ओढणारे रबरी रोलर, शाई किंवा टोनर, आतली मोटर असं सगळं शाबूत आहे. अर्धा प्रश्न तिथेच मिटला. आता अडचण फक्त वाटेत आहे.

बहुतेक घरांत नेमकं याच्या उलट घडतं. प्रवेशाचे दिवस असतात, फॉर्म भरायची शेवटची तारीख असते, प्रिंट निघत नाही, आणि घाईघाईत प्रिंटर कॉम्प्युटरमधून काढून पुन्हा नव्याने टाकला जातो. कधी त्याने काम होतं, कधी होत नाही. पण झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, म्हणून तीच अडचण थोड्या दिवसांनी परत येते. छपाईचं काम कॉम्प्युटरपासून कागदापर्यंत चार-पाच टप्पे ओलांडत जातं आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी परीक्षा घेता येते. कुठे अडलं ते आधी शोधलं, तर दुरुस्ती बहुतेक वेळा अगदी साधी निघते, असा माझा ठाम विश्वास आहे.

कॉम्प्युटर ‘ऑफलाइन’ म्हणतो, तेव्हा त्याला प्रिंटरच्या प्रकृतीबद्दल काहीच ठाऊक नसतं. आपल्याकडे नोंदवलेल्या पत्त्यावर त्याने हाक मारली आणि ठरावीक वेळात ओ आली नाही, एवढंच तो सांगत असतो. प्रिंटर खरोखर बंद असेल, मधली वाट तुटली असेल किंवा नोंदवलेला पत्ताच जुना झाला असेल, संदेश एकच येतो. वायफायवरच्या घरगुती प्रिंटरच्या बाबतीत या तिघांपैकी पत्त्याचा संशय आधी घ्यावा.

घरातल्या वायफायवर आलेल्या प्रत्येक उपकरणाला, म्हणजे मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर अशा सगळ्यांना, राउटर एकेक आकडी पत्ता देतो. हाच आयपी ॲड्रेस. घरांत तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, कारण हे आकडे खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात आणि तिच्यातला महत्त्वाचा मुद्दा हा, की पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीवर मिळतो. एरवी मुदत संपली की राउटर बहुतेकदा तोच पत्ता पुन्हा देतो, त्यामुळे महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. मग एक दिवस लाइट जाते. परत आल्यावर राउटर नव्याने सुरू होतो. किती तरी घरगुती राउटर आधी कोणाला काय दिलं होतं ते विसरलेले असतात. मोबाइल आणि टीव्ही भराभर जोडले जातात, प्रिंटरचा जुना आकडा त्यांच्यापैकी कोणाच्या तरी वाट्याला जातो आणि प्रिंटरला दुसरा मिळतो. भाडेकरूने खोली बदलली, पण पोस्टमन जुन्याच दाराशी उभा आहे, अशी लॅपटॉपची स्थिती होते. प्रिंटर चालू आहे, वायफायचा दिवा स्थिर आहे, आणि तरीही स्क्रीनवर ‘ऑफलाइन’.

म्हणूनच प्रिंटरने छापलेलं ते माहितीचं पान मोलाचं. त्याच्यावर वायफायचं नाव आणि आयपी ॲड्रेस दोन्ही असतात. प्रिंटरला छोटा स्क्रीन असेल तर नेटवर्कच्या मेन्यूमध्येही ते दिसतात. तिथे ०.०.०.० असेल, तर प्रिंटर कुठल्याच नेटवर्कवर नाही. १९२.१६८.१.७ असा काही आकडा असेल, तर तो राउटरपर्यंत पोचलेला आहे. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा असेल, तर राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून प्रिंटरने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. या पत्त्यावर घरातला लॅपटॉप त्याला सहसा गाठू शकत नाही. लाइट आल्यानंतर प्रिंटर अर्ध्या मिनिटात तयार होतो, फायबरचा डबा आणि राउटर मात्र त्याहून बराच वेळ घेतात. पत्ता मागायला प्रिंटर आला तेव्हा द्यायला कोणीच नव्हतं, अशी ती चुकामूक. उपाय फक्त क्रमाचा आहे: आधी राउटर चालू करून त्याचे दिवे स्थिर होऊ द्यायचे, मग प्रिंटर, शेवटी कॉम्प्युटर. ‘सगळं बंद करून चालू करा’ हा सल्ला कधी लागू पडतो आणि कधी नाही, याचं कारण बऱ्याचदा या क्रमातच असतं.

पत्ता हातात आला की मला सगळ्यात आवडणारी चाचणी करता येते. लॅपटॉपवर ब्राउझर उघडून, जिथे वेबसाइटचं नाव लिहितो तिथे तो आकडा तसाच टाकायचा. आजच्या जवळजवळ प्रत्येक वायफाय प्रिंटरच्या आत एक छोटं वेबपेज असतं. ते उघडलं तर शाईची पातळी, कागदाची स्थिती, वायफायची ताकद सगळं समोर येतं. काही वेळा ‘ही जागा सुरक्षित नाही’ असा इशारा मध्ये येतो. पत्ता आपणच प्रिंटरच्या पानावरून घेतलेला असेल तर पुढे जायला हरकत नाही. पान उघडलं, याचा अर्थ लॅपटॉप, राउटर आणि प्रिंटर हे तिघेही एकमेकांशी व्यवस्थित बोलत आहेत. दोष उरला तो लॅपटॉपच्या नोंदवहीत: जुना पत्ता, चुकीचा ड्रायव्हर किंवा अडकलेली रांग. पान उघडलं नाही, तर ड्रायव्हर शंभर वेळा टाकूनही उपयोग नाही, कारण वाटच बंद आहे. एका पानाने दोन पूर्ण वेगळ्या दुरुस्त्या अशा अलग होतात.

पत्ता बदलण्याचा त्रास कायमचा मिटवायचा असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरसाठी एक आकडा राखून ठेवावा. तिथे ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा अशाच नावाची सोय असते. प्रिंटरची ओळख म्हणून त्याचा बारा अक्षर-आकड्यांचा मॅक ॲड्रेस लागतो, तोही त्याच माहितीच्या पानावर छापलेला असतो. काही जण हे काम प्रिंटरमध्ये पक्का पत्ता लिहून करतात. मी तसं सुचवणार नाही. राउटरला त्याची कल्पना नसते, आणि तो तोच आकडा उद्या घरी आलेल्या पाहुण्याच्या मोबाइलला देऊन बसतो.

विंडोजमध्ये आणखी एक खुबी आहे. प्रिंटर आपोआप शोधून जोडला, की विंडोज पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट बनवतं. त्यात प्रिंटर आकड्याने नाही तर त्याच्या घोषणेवरून ओळखला जातो. कल्पना चांगली आहे, पण लॅपटॉप झोपेतून उठल्यावर ही ओळख हरवण्याचे प्रकार होतात. पत्ता राखून ठेवल्यानंतर प्रिंटर हाताने टाकताना ‘टीसीपी/आयपी ॲड्रेस’चा पर्याय निवडून तो आकडा द्यावा. हे जास्त टिकाऊ ठरतं. एवढं करूनही प्रिंट निघते पण शिक्का ‘ऑफलाइन’च राहतो, असं झालं तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, तिथे कॉन्फिगर पोर्ट, आणि त्यात ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढून पाहावी. विंडोज प्रिंटरला त्याची खुशाली एका वेगळ्याच भाषेत विचारत असतं, आणि घरगुती प्रिंटरला ती भाषा येत नसली की उत्तर न आल्याचा अर्थ प्रिंटर बंद असा लावला जातो. आणि प्रिंटरच्या रांगेच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर चुकून बरोबरची खूण पडलेली नाही ना, हेही बघून घ्यावं.

आता वाट बंद असण्याकडे. आपल्याकडे फायबरचं कनेक्शन घरोघरी आल्यापासून दोन पट्ट्यांचे राउटर सर्रास झाले: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली हळू पण भिंतींपलीकडे पोचणारी, दुसरी वेगवान पण कमी पल्ल्याची. घरगुती प्रिंटर, विशेषतः स्वस्तातले आणि थोडे जुने, फक्त २.४ वरच चालतात. राउटरवर ती पट्टी बंद असेल, तर प्रिंटरच्या यादीत घरचं वायफाय दिसणारच नाही. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असलं तर सहसा अडत नाही, पण जोडणी करून देणारं मोबाइलमधलं ॲप मात्र अशा वेळी गोंधळू शकतं. तेवढ्यापुरती ५ ची पट्टी बंद ठेवून प्रिंटर जोडावा आणि मग चालू करावी. एकदा जोडला की लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी दोघे एकाच घरचे, राउटर त्यांची गाठ घालून देतो. सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ ठेवला असेल तरी जुने प्रिंटर आत येऊ शकत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडावा.

इंटरनेटची कंपनी बदलली आणि नवा राउटर आला, की प्रिंटर जुन्याच वायफायची वाट बघत बसतो. यावर सोपी युक्ती आहे: नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, अक्षरांच्या लहान-मोठेपणासह. मग प्रिंटरला किंवा घरातल्या दुसऱ्या कुठल्याही उपकरणाला काही सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला आकडा मात्र बदललेला असू शकतो, तो वर सांगितल्याप्रमाणे पाहून घ्यावा.

काही वेळा प्रिंटर ब्राउझरमध्ये उघडतो, पण प्रिंटर जोडण्याच्या यादीत दिसत नाही. हे विचित्र वाटतं. प्रत्यक्षात पोचणं आणि सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत. सापडण्यासाठी कॉम्प्युटर नेटवर्कवरच्या सगळ्यांना उद्देशून एकच हाक मारतो, ‘इथे कोणी प्रिंटर आहे का?’ ॲपलने २००२ मध्ये मॅकच्या प्रणालीत ही सोय रान्देव्हू या नावाने आणली, २००५ मध्ये तिचं नाव बोन्जूर झालं आणि २०१३ मध्ये तिच्यामागच्या पद्धती इंटरनेटचं मानक म्हणून प्रसिद्ध झाल्या. आयफोनवरून छापणारं एअरप्रिंट, २०१० चं, याच हाकेवर उभं आहे. पण ही सामूहिक हाक नाजूक असते. काही राउटर ती एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर पोचवत नाहीत. गेस्ट नेटवर्कवर तर उपकरणांनी एकमेकांना पाहूच नये अशी मुद्दाम व्यवस्था असते. लॅपटॉप चुकून गेस्टवर असेल तर प्रिंटर कधीच सापडणार नाही. विंडोजमध्ये घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं असेल तर विंडोज स्वतःहून शोधाशोध थांबवतं, त्याला ‘प्रायव्हेट’ करावं लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर सगळी वाहतूक ऑफिसच्या दिशेने वळवलेली असू शकते. मग दोन हातांवरचा प्रिंटर पोचण्याबाहेर जातो. व्हीपीएन क्षणभर बंद करून पाहिलं की ते लगेच कळतं. आयफोन आणि नव्या मॅकवर ॲपला स्थानिक नेटवर्क बघायची परवानगी द्यावी लागते. ती एकदा नाकारली गेली असेल तर प्रिंटरचं ॲप वर्षभर आंधळंच राहतं.

यूएसबी केबलचं प्रकरण त्या मानाने सरळ. केबल पाच मीटरपेक्षा लांब नको. हब किंवा यूएसबी-सी ॲडॅप्टर मध्ये असेल तर तो काढून, शक्य तर थेट लावून पाहावं. केबल दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज कधीकधी त्याच प्रिंटरला नवा समजून ‘कॉपी १’ अशी दुसरी नोंद करतं, आणि आपण छापत राहतो जुन्या, आता मृत झालेल्या नोंदीवर. यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं दिसली तर फिकट दिसणारं काढून टाकावं. ‘डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ हा पर्यायही बंद केलेला बरा.

ड्रायव्हर हा मात्र खोलात जाण्याजोगा विषय आहे. प्रिंटरला मराठी-इंग्रजी काही कळत नाही. पानावर कुठे काळा ठिपका द्यायचा हे त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं आणि ते भाषांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. आपल्याकडे सेवा केंद्रांत, टायपिंगच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलावर वर्षानुवर्षं दिसणारे दोन लेझर प्रिंटर आहेत, कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२०. दोघेही दणकट, आणि दोघांचीही किंमत कमी राहिली ती एका कारणामुळे: विचार करायचं काम त्यांनी कॉम्प्युटरवर सोपवलं. पान पूर्ण रेखाटून तयार होतं कॉम्प्युटरमध्ये, प्रिंटर फक्त ते कागदावर उतरवतो. १०२० तर याच्याही पुढे गेलेला. बंद केला की त्याच्या आतलं सॉफ्टवेअर जातं आणि पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्युटरचा ड्रायव्हर ते दर वेळी नव्याने त्याच्यात भरतो. असे प्रिंटर योग्य ड्रायव्हरशिवाय गप्प बसतात, केबल कितीही चांगली असली तरी. नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना प्रिंटर चालेनासा होतो तो बहुधा इथेच. विंडोजची ६४ बिटची आवृत्ती असेल तर ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो, आणि एआरएम प्रोसेसरवर चालणाऱ्या नव्या विंडोज लॅपटॉपांना त्यांच्यासाठी वेगळा केलेला. तो कंपनीने बनवलाच नसेल तर कितीही खटपट करून उपयोग होत नाही.

ड्रायव्हरच्या या जाचाने एक मोठी चळवळ उभी राहिली, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की त्याची सूचना सगळ्यांना जावी अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये केली होती. नव्याच्या बाबतीत त्यांना मूळ प्रोग्रॅम बघायलाच मिळाला नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर उघडं आणि बदलण्याजोगं असावं या त्यांच्या आग्रहामागे तो प्रिंटर होता, असं ते स्वतः सांगत आले आहेत.

आज दिशा ड्रायव्हर नकोच अशी आहे. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी २०१३ मध्ये मोप्रिया नावाची संघटना काढली. सगळ्या प्रिंटरनी एक समान भाषा बोलावी हा तिचा हेतू. अँड्रॉइड मोबाइलवरून बहुतेक वायफाय प्रिंटर चालतात ते त्यामुळे. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणं टप्प्याटप्प्याने थांबवलं जाईल. म्हणून नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया यांपैकी एक तरी नाव आहे का, हे शाईच्या किमतीइतकंच काळजीने पाहावं.

वाट मोकळी, पत्ता बरोबर, ड्रायव्हर ठीक, तरी काही निघत नाही, तेव्हा रांग अडली आहे असं समजावं. आपण प्रिंट दिली की ती थेट प्रिंटरकडे जात नाही, स्पूलर नावाच्या सेवेकडे जमा होते. एखादी मोडकी फाइल सगळ्यांच्या पुढे अडून बसली की मागची सगळी कामं थांबतात आणि ‘डिलीट’ दाबूनही ती हलत नाही. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवायचा, विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२ मध्ये स्पूल आणि त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या फाइली काढायच्या (फोल्डर नाही), मग सेवा पुन्हा सुरू करायची. मॅकवर प्रिंटरच्या यादीत कंट्रोल दाबून क्लिक केल्यावर ‘रीसेट प्रिंटिंग सिस्टिम’ मिळतं. त्याने सगळे प्रिंटर निघून जातात, हे लक्षात ठेवून शेवटीच वापरावं.

याच स्पूलरमध्ये २०२१ च्या जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली गंभीर त्रुटी उघड झाली. मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या दिल्या, सुरक्षेचे नियम कडक केले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून एका कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर दुसऱ्यावरून वापरणाऱ्या अनेकांना ११बी ने संपणारा एरर येऊ लागला. त्यावर सुरक्षा सैल करायचे उपाय सुचवणारे पुष्कळ आहेत, ते करू नयेत. दोन्ही कॉम्प्युटर अद्ययावत ठेवावेत, आणि प्रिंटरला वायफाय असेल तर प्रत्येकावरून तो स्वतंत्रपणे जोडावा.

एक धोका फार महत्त्वाचा आहे. ‘प्रिंटर ऑफलाइन’ असं शोधल्यावर कंपनीच्या नावासारख्या दिसणाऱ्या साइट समोर येतात, त्यांच्यावर मदतीचा फोन नंबर असतो, आणि पलीकडचा माणूस कॉम्प्युटर दुरून हाताळू देणारं ॲप टाकायला सांगतो. त्यानंतर बँकेचं खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. घरात ज्येष्ठ मंडळी प्रिंटर वापरत असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवावं. ड्रायव्हर फक्त कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावा, मदतीचा नंबर खोक्यावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा वापरावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

मेकॅनिकला कधी बोलवायचं, याचीही चाचणी घरीच होते. मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा. आयफोनवर त्यासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ नावाचं बटण आहे. प्रिंटरचं नेटवर्क सेटिंग पुसून त्याला या हॉटस्पॉटवर जोडून पाहा. जोडला गेला, तर प्रिंटर निर्दोष आहे, लक्ष राउटरकडे द्या. हॉटस्पॉट शेजारी असूनही त्याच्या यादीत एकही वायफाय येत नसेल, तर आतलं वायफायचं कार्ड गेल्याची शक्यता मोठी. ते बदलायचा खर्च आधी विचारून घ्या. छोट्या प्रिंटरच्या बाबतीत तो नव्या प्रिंटरच्या किमतीजवळ जाऊ शकतो. आणि होकार देण्यापूर्वी प्रिंटरच्या मागे यूएसबीचं चौकोनी तोंड आहे का, तेवढं पाहा. काही कंपन्या त्याच्यावर स्टिकर चिकटवून देतात. ते असेल तर साध्या केबलवर तोच प्रिंटर आणखी काही वर्षं काम देतो.